बाळाचं वय

मला ग्रीक येत नाही. अक्षरं ओळखता येतात, कोश उघडून शब्द शोधता येतो, आणि एवढ्या भांडवलावर माणूस चारचौघांत किती मिरवू शकतो ते मला स्वतःवरून ठाऊक आहे. आमच्या मंडळीत पाळकसाहेब परगावी गेले की उपदेशाला मला उभं करतात. जन्म शाळामास्तरकीत गेला, त्यामुळे बोलायची भीड नाही. त्याच मास्तरकीनं दुसरी एक खोड लावली, ती म्हणजे दिसेल त्या गोष्टीचा तक्ता करायचा.

त्या खोडीला खाद्य मिळालं स्ट्राँगच्या शब्दसूचीत. जेम्स स्ट्राँग यांचा हा जाडजूड ग्रंथ १८९० सालचा. इंग्रजी बायबलातला एकेक शब्द घेऊन त्याच्या मागच्या हिब्रू किंवा ग्रीक शब्दाला त्यात क्रमांक दिलेला आहे. क्रमांक बघायचा, मागची पानं उलटून अर्थ वाचायचा, झालं. व्याकरण शिकायला नको, सबंध वाक्य वाचायला नको. असंच चाळता चाळता माझ्या लक्षात आलं की लूकच्या दुसऱ्या अध्यायात गव्हाणीतल्या येशूसाठी ‘ब्रेफॉस’ हा शब्द आहे, क्रमांक १०२५. आणि मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडचे मागी लोक ज्याच्या पाया पडतात तो ‘पैदिऑन’ आहे, क्रमांक ३८१३. १६११ सालच्या किंग जेम्स भाषांतरानंही हा फरक पाळलेला. लूकमध्ये ‘बेब’, मत्तयात ‘यंग चाइल्ड’. आमच्या मराठी शास्त्रात मात्र दोन्हीकडे बालकच.

झालं, मला घबाड मिळालं. ब्रेफॉस म्हणजे पोटातलं किंवा नुकतं जन्मलेलं बाळ, पैदिऑन म्हणजे चालतंबोलतं मूल. म्हणजे मागी लोक पोचले तेव्हा येशू दोन वर्षांचा झालेला होता आणि आपण दर नाताळात मेंढपाळांच्या शेजारी उंटवाले उभे करतो ते सगळं चुकीचं. डिसेंबरातल्या पहिल्याच रविवारी मी हे व्यासपीठावरून सांगितलं. वर असंही म्हणालो की आपल्या मराठी भाषांतरकारांनी हा फरक झाकून टाकला. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन, सबंध बायबल मराठीत आणलं आणि १९२२ साली डोळे मिटेपर्यंत त्याच कामाला जुंपून घेतलं. तेव्हा त्यांचं नाव मी घेतलं नाही, पण शेरा सरसकट होता. त्यात त्याही आल्याच. दोन शब्दांचे क्रमांक पाठ असलेला माणूस त्यांच्यावर बोलत होता.

उपासनेनंतर लोक येऊन हात मिळवून गेले. एक जण म्हणाले, “मास्तर, मूळ भाषेतलं ऐकलं की कसं डोळे उघडतात!” या वाक्यानं माझं फार नुकसान केलं.

पुढच्या बायबल क्लासला मी फळाच मागवला. मध्यंतरी आणखी एक पुरावा हाती लागला होता. अलेक्झांड्रियाचा फिलो हा येशूच्याच काळातला यहुदी तत्त्वज्ञ. जगाच्या उत्पत्तीवरच्या पुस्तकात सात या आकड्याचं कौतुक करताना तो हिप्पोक्रेटिसच्या नावावर माणसाच्या सात अवस्था देतो. सात वर्षांपर्यंत, म्हणजे दुधाचे दात पडेपर्यंत, पैदिऑन, चौदापर्यंत पाइस, एकविसापर्यंत मेइराकिऑन, असं करत थेट म्हातारपणापर्यंत. तक्ता आयताच मिळाला. मी तो फळ्यावर उतरवला, रकाने आखले, आणि सगळ्यांत वर माझ्या पदरचा एक रकाना जोडला: ब्रेफॉस, शून्य ते एक वर्ष. फिलोच्या यादीत हा शब्द नाही. त्याचं पैदिऑन जन्मापासूनच सुरू होतं, म्हणजे ज्या तक्त्याच्या जोरावर मी बोलत होतो तोच माझ्या विरुद्ध साक्ष देत होता. खडू हातात असून मला ते दिसलं नाही. समोर बसलेल्यांनी वह्यांत उतरवून घेतलं.

खरा त्रास झाला तो मुलांना. आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी शब्बाथशाळेची मुलं नाटिका करतात. मेंढपाळांना घोंगड्या, देवदूतांना पांढऱ्या चादरी, आणि तीन मागी लोकांना फेटे. शास्त्रात मागी लोक तीन होते असं कुठंच लिहिलेलं नाही; देणग्या तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन. हेही मी त्या मुलांना ऐकवून झालं होतं. त्या वर्षी मी फर्मान काढलं की मागी लोक आज येणार नाहीत, ते दोन वर्षांनी येतात, त्यांचा प्रवेश जानेवारीत वेगळा करू. जानेवारीत अर्थातच कुणाला वेळ नव्हता. ज्या मुलाला उदाचा डबा धरायचा होता तो पहिल्या रांगेत फेटा बांधूनच बसला. बिस्किटाच्या डब्याला सोनेरी कागद लावलेला, झाकण दोरीनं पक्कं केलेलं. आईनं दोनदा सांगूनही त्यानं फेटा उतरवला नाही. नाटिका संपल्यावर त्यानं डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारलं, “सर, हा आता कुणाला द्यायचा?”

माझी समजूत काढली ती एका निवृत्त पाळकांनी. सेमिनरीत रीतसर ग्रीक शिकलेले, कामावर असताना कधी त्याचा उच्चारही न केलेले. मोतीबिंदूमुळे वाचणं थांबलं होतं, म्हणून अधूनमधून जाऊन मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी कपाटातून ग्रीक नवा करार काढायला लावला आणि म्हणाले, “मास्तर, अक्षरं वाचता येतात ना? लूक दोन, सोळा काढा.”

मी बोट ठेवून वाचलं. ब्रेफॉस होतंच. मेंढपाळ लगबगीनं येतात, मरीया, योसेफ आणि गव्हाणीत निजलेलं ब्रेफॉस त्यांना दिसतं. मी सुखावलो.

“आता पुढचं.”

सतरावं वचन. बाळाविषयी देवदूतानं काय सांगितलं ते मेंढपाळ सगळ्यांना सांगतात. तिथं अक्षरं होती पाय, आल्फा, योटा, डेल्टा. पैदिऑन. रात्र तीच, गव्हाणी तीच, लेखक तोच. मधे एक ओळ.

“किती वेळ गेला हो मधे?” साहेबांनी विचारलं. “सोळाव्याहून सतराव्यात येईस्तोवर दोन वर्षांचा झाला का?”

मी म्हटलं, “पण साहेब, मत्तयानं मुद्दाम ब्रेफॉस टाळून...”

“मत्तयात ब्रेफॉस कुठं आलाय, दाखवा.”

मी घरी येऊन शोधलं. मत्तयात तो कुठंच नाही. मार्कात नाही, योहानात नाही. सगळ्या नव्या करारात ब्रेफॉस आठ वेळा येतो. त्यातला पाच वेळा लूकच्या शुभवर्तमानात आणि एकदा त्याच लूकच्या प्रेषितांच्या कृत्यांत. उरलेले दोन तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात. म्हणजे हा शब्द प्रामुख्यानं लूकच्या लेखणीतला. मत्तयाच्या हाताशी तो होता आणि त्यानं तो बाजूला ठेवला, असं म्हणायला कसलाच आधार नाही.

मग एकदाचा पैदिऑन जिथं जिथं येतो ती ठिकाणं वाचायला बसलो. हे काम मी आधी करायला हवं होतं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची आठव्या दिवशी सुंता करतात तेव्हा तो पैदिऑन आहे. बाळंतपणाच्या वेदना विसरणारी बाई योहानाच्या शुभवर्तमानात ज्याला जन्म देते ते पैदिऑन. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुअजिंटमध्ये, नदीकाठच्या लव्हाळ्यात पेटीत ठेवलेला तीन महिन्यांचा मोशे पैदिऑन आहे. यशयाच्या नवव्या अध्यायात आपल्यासाठी जे बाळ जन्मतं, जे वचन आम्ही दर नाताळात वाचतो, तेही पैदिऑन. आणि दुसऱ्या टोकाला याईराची मुलगी. तिला तर मार्कानं पैदिऑन म्हटलंय आणि लगेच तिचं वय बारा वर्षं असल्याचं सांगितलंय. त्याच्याही पुढे, योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू किनाऱ्यावरून हाक मारतो ती रात्रभर जाळी टाकून दमलेल्या बाप्यांना. त्यांनाही पैदिआच, म्हणजे पोरांनो.

स्ट्राँगची शब्दसूची पुन्हा उघडली. ३८१३ खाली पहिला अर्थच तान्हं मूल असा होता, अर्धवट वाढलेला मुलगा किंवा मुलगी हा विस्तारानं आलेला अर्थ पुढे. मी पुढचा अर्थ वाचला आणि पहिला सोडला, कारण मला पुढचाच हवा होता. ग्रंथाचा काही दोष नाही.

हे एका बाईंना सांगितलं. मिशन हॉस्पिटलच्या बाळंतविभागात त्यांची सगळी नोकरी झाली. त्या हसत म्हणाल्या, “अहो मास्तर, आम्ही रजिस्टरात नवजात अर्भक लिहायचो, आईच्या हातात देताना बाळ म्हणायचो, रडायला लागलं की पोरगं म्हणायचो. एकाच मुलाला, पाच मिनिटांत. आणि आमच्या वॉर्डबॉयचं नाव बाळासाहेब. रिटायर झाला तरी बाळासाहेबच!” आता यावर मी कुठला तक्ता काढणार? माझी आई मला साठीतही लेकरू म्हणायची. सगळ्या भाषांत मुलांचे शब्द असेच सैल असतात, कारण ते वयावरून कमी आणि बोलणाऱ्याच्या जिव्हाळ्यावरून जास्त ठरतात. ग्रीकमध्ये तर पाइस या शब्दाचा अर्थ मूलही आणि नोकरही. कफर्णहूमच्या शताधिपतीचा आजारी पाइस लूकच्या कथेत दास ठरतो. चहाच्या टपरीवर ‘ए पोऱ्या’ अशी हाक ऐकलेल्या मराठी माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. मला मात्र मातृभाषेत जे उपजत कळत होतं ते ग्रीकचं नाव निघताच कळेनासं झालं होतं.

गंमत अशी की मागी लोक नंतर आले हा माझा निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल. मत्तय सांगतो की ते घरात गेले. गव्हाणीचा उल्लेख तिथं नाही. हेरोद राजानं तारा दिसल्याची वेळ मागी लोकांकडून नीट विचारून घेतली आणि त्या हिशेबानं दोन वर्षांच्या आतली मुलं मारवली. हा आकडा मजकुरातच आहे. शिवाय चाळीस दिवसांनी मरीया आणि योसेफ मंदिरात गेले तेव्हा त्यांनी पाखरांची जोडी वाहिली. लेवीयाच्या नियमाप्रमाणे ही सवलत कोकरू न परवडणाऱ्यांसाठी. पदरी सोनं आलेलं असतं तर त्यांनी कोकरू वाहिलं असतं, असं म्हणता येतं. तरीही नेमकं दोन वर्षं म्हणता येत नाहीच. हेरोदासारखा संशयी माणूस हात राखून आकडा धरणार नाही, उलट वाढवूनच धरेल. हे सगळं मराठी शास्त्रात, कुणालाही वाचता येईल असं पडलेलं आहे. ते सोडून मी शब्दाच्या मागे लागलो, कारण घर, पाखरं आणि हेरोद सगळ्यांना दिसतात, ग्रीक मला एकट्यालाच दिसत होतं. उत्तर बरोबर आणि गणित चूक अशी वही मी मुलांच्या हातात कितीदा परत दिली असेल. स्वतःची वही तशी निघाली तेव्हा निम्मे गुण मागावेसे वाटले.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्या मंडळीतल्या एका मुलीचं डोहाळजेवण होतं. दोन शब्द बोलायला मला सांगितलं. ब्रेफॉसची नशा तेव्हा पुरती चढलेली. लूकच्या पहिल्या अध्यायात मरीयेचा आवाज ऐकून अलीशिबेच्या पोटातलं बाळ उसळी मारतं, ते बाळ ब्रेफॉस. होमरच्या इलियडमध्येसुद्धा शर्यतीचं बक्षीस म्हणून ठेवलेल्या घोडीच्या पोटात खेचराचं शिंगरू असतं, त्यालाही ब्रेफॉसच म्हटलंय. आणि पौलाच्या पत्रात तीमथ्याला ब्रेफॉस असल्यापासून पवित्र लेख माहीत होते असं आहे. मी दोन आणि दोन पाच केले. तीमथ्याला त्याची आई युनीके आणि आजी लोईस यांनी गर्भातच वचन ऐकवलं, असं ठोकून दिलं. अभिमन्यूचंही नाव घेतलं असावं. गर्भसंस्काराची पुस्तकं घरोघर. त्याला शास्त्राधार मिळाला म्हणून बायका खूश झाल्या.

त्या मुलीनं ते मनावर घेतलं. रोज रात्री पोटावर हात ठेवून मोठ्यानं एक अध्याय वाचायची, उत्पत्तीपासून क्रमानं. मधे भेटली तेव्हा उत्साहानं म्हणाली, “सर, लेवीय संपलं!” कातडीवरचे चट्टे आणि होमबलीची चरबी त्या न जन्मलेल्या जिवानं कशी घेतली असेल देव जाणे, पण मी शाबास म्हणालो. बाळंतपण अवघड गेलं. मूल अशक्त, पहिले काही आठवडे दवाखान्याच्या वाऱ्या. मी भेटायला गेलो तर तिनं आई चहा करायला आत गेल्याचं बघून हळू आवाजात विचारलं, “शेवटी शेवटी दम लागायचा म्हणून गणना अर्धंच राहिलं. त्याच्यामुळे का हो सर?”

मी नाही म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. पण व्यासपीठावरून सांगितलेली गोष्ट खुर्चीत बसून परत घेता येत नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं. एखादा शब्द एका जागी पोटातल्या बाळासाठी आला म्हणजे दुसऱ्या प्रत्येक जागी तो गर्भाशय सोबत घेऊन जात नाही. जेम्स बार यांनी १९६१ साली बायबलच्या शब्दार्थांवरच्या पुस्तकात नेमक्या याच सवयीवर, एका शब्दाचे सगळे अर्थ एकाच ठिकाणी ओतण्यावर, कोरडे ओढले आहेत. ते मी नंतर वाचलं. पौलाच्या पत्रात तो शब्दप्रयोग साधा आहे, आपण तान्हेपणापासून म्हणतो तसा. पेत्राला तर नवजात बाळांची उपमा द्यायची होती तेव्हा त्यानं ब्रेफॉसच्या आधी ‘नुकतीच जन्मलेली’ असं विशेषण जोडलं. शब्दातच ते पक्कं असतं तर त्याला जोडावं लागलं नसतं.

मूल सुधारलं, आता शाळेत जातं. आईनं गणना पुढे वाचलं की नाही, विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

बाप्तिस्म्याच्या भांडणात मी पडलो ते थोडक्यात सांगतो, कारण ते भांडण माझ्या आधीपासून होतं आणि माझ्यानंतरही राहील. एका घरात थोरला भाऊ आमच्या मंडळीत, धाकटा नव्या फेलोशिपमध्ये. थोरल्याच्या बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा होता, धाकट्याचं म्हणणं की समज आल्यावरच घ्यावा. थोरल्यानं मला बोलावलं. मी लूक अठरा काढला: लोक येशूकडे ब्रेफॉस आणत होते, तान्ही बाळं, आणि त्यानं त्यांना जवळ घेतलं, मग अजून काय पाहिजे? धाकटा शांतपणे म्हणाला, “सर, पुढच्याच वचनात शब्द बदललाय, मोबाइलवर दिसतंय. आणि यात पाणी कुठंय?” दोन्ही मुद्दे खरे होते. त्या प्रसंगात येशू आशीर्वाद देतो, बाप्तिस्मा नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या बाजूनं आमच्या परंपरेत बरंच काही बोलण्यासारखं आहे आणि मी ते मानतो. त्या दिवशी त्यातलं एकही बोललो नाही. बाप्तिस्मा झाला, धाकटा आला नाही. दोघांनी माझ्यामुळे अबोला धरला असं नव्हे, पण माझ्या ग्रीकमुळे तो एक दिवसही कमी झाला नाही.

त्यानंतर मी व्यासपीठावरून चूक दुरुस्त केली. लोकांनी ऐकून घेतलं, हात मिळवायला फारसं कुणी आलं नाही. ज्यांचे डोळे उघडले होते ते गृहस्थ म्हणाले, “म्हणजे मग काहीच नक्की नाही असं म्हणायचं का, मास्तर?” मी त्यांना घर, पाखरांची जोडी आणि हेरोदाचा हिशेब समजावला. त्यांनी मान डोलावली, पण हे तर आम्हालाही वाचता आलं असतं, अशी त्यांची तक्रार होती. नाटिकेत मागी लोक परत आले. उदाच्या डब्याचा मालक तोवर उंच झाला होता, त्याला योसेफ केलं.

फळ्यावरच्या त्या तक्त्याचा मात्र कुणीतरी तेव्हाच फोटो काढला होता. दर डिसेंबरात तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत माझ्याकडे येतो. अक्षर माझं, रकाने माझे. पाठवणाऱ्याला मी दरवेळी लूक दोन, सतरा लिहून पाठवतो. गेल्या नाताळात तो एका लांबच्या मेव्हण्याकडून आला. खाली कुणीतरी ‘ग्रीक पंडितांच्या संशोधनानुसार’ असं जोडलंय आणि पैदिऑनचं वय आता अठरा महिने झालंय.